फोन कोणी करायचा?

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा किंवा भूम तालुक्यातल्या माणसाला कॅन्सरची शंका आली की त्याची वाट बहुधा बार्शीकडे वळते. तिथले नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे खरे, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात, सोलापुरात मोडते. उमरगा-लोहाऱ्याकडचे लोक सोलापूर गाठतात, कळंबकडचे लातूर नाहीतर बार्शी, आणि तिथेही भागले नाही तर सगळ्यांसाठी मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय. एरवी जिल्ह्याच्या सीमेला रुग्णाच्या लेखी काही अर्थ नसतो. मार्च २०२० मध्ये ती सीमा एकाएकी खरी झाली. २५ मार्चपासून कोविडमुळे देशभर टाळेबंदी लागली, एस.टी. थांबली, रेल्वे थांबली, पुढे जिल्हा ओलांडायला ई-पास लागू लागला. आंतरजिल्हा एस.टी. २० ऑगस्टला पुन्हा धावू लागली आणि ई-पासची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला उठली. मधल्या पाच महिन्यांत कुणाची केमो अर्ध्यावर होती, कुणाचा शेक (रेडिओथेरपी) ठरला होता, कुणाच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. जायचे कसे, हा पहिला. आणि जायचे की थांबायचे हे विचारायचे कुणाला, हा दुसरा. पहिल्यावर पुष्कळ चर्चा झाली, पासही निघाले. दुसरा प्रश्न कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हता. साथ सरून वर्षे झाली तरी तो आजही तसाच पडून आहे.

त्या काळात देशभरात काय झाले याचा हिशेब उपलब्ध आहे. नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यातल्या ४१ केंद्रांची मार्च ते मे २०२० ची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिली गेली आणि २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्क्यांनी घटली. फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, बाह्यरुग्ण विभागातली केमोथेरपी ३७ टक्क्यांनी कमी झाली. वेदनाशमन विभागाकडे पाठवलेल्या रुग्णांची संख्याही २९ टक्क्यांनी उतरली. दुखणे तर कुणाचे कमी झालेले नव्हते. यातली बरीचशी घट बंद रस्त्यांची आणि कोविडकडे वळवलेल्या खाटांची. पण हे आकडे एक गोष्ट मोजत नाहीत. फेरतपासणीची जी भेट झाली नाही, तिच्या जागी दुसरे काही झाले का? कुणी त्या रुग्णाला फोन केला का, त्याचा फोन कुणी उचलला का? बहुतेक रुग्णालयांत याची नोंद ठेवायला रकानाच नव्हता. आपल्याकडे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले बोलणे भेटीच्या पोटात आपोआप घडते असे धरले जाते. भेट गेली की तेही जाते. ते टिकवायचे तर बोलणे हे उपचारातले एक स्वतंत्र, नेमून दिलेले काम मानावे लागेल. डॉक्टर स्वभावाने गोड आहे की तुसडा, यावर ते सोडता येणार नाही.

हे काम किती नाजूक आहे ते साथीच्या काळातल्या निर्णयांवरून कळते. सगळे कॅन्सर सारख्या घाईचे नसतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये गोळ्यांवर काही आठवडे काढता येतात, प्रोस्टेटच्या बऱ्याच रुग्णांना थांबता येते. तीव्र रक्ताच्या कॅन्सरमध्ये आठवडाही फार होतो. शस्त्रक्रियेला, शेकाला किंवा केमोला चार आठवड्यांचा उशीर झाला तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका संकलित अभ्यासाने दाखवले. दुसऱ्या बाजूला, केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला गर्दीच्या ओपीडीत बसवणे हाही धोकाच होता. दोन धोके तोलून ‘तुम्ही या’ किंवा ‘तुम्ही थांबा’ हे प्रत्येकाला वेगळे सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही तर घरचे लोक आपल्या अंदाजाने ठरवतात, आणि समोर दिसणारी भीती नेहमी मोठी वाटते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढला तरी तातडीने शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे लागते. साथीच्या दिवसांत मात्र ताप म्हणजे स्वॅब, ताप म्हणजे विलगीकरण, ताप म्हणजे गल्लीला बांबू लागणे. अशा वेळी ताप लपवावासा वाटणे साहजिक आहे. ‘अमुक दिवसांत ताप आला तर तो लपवू नका, या नंबरवर सांगा’ हे एक वाक्य आधी बोललेले असणे म्हणजे औषधच. फरक इतकाच की त्याची चिठ्ठी कुणी लिहून देत नाही.

आता मनाकडे येऊ. कॅन्सरच्या रुग्णांमध्ये नैराश्य, चिंता किंवा परिस्थितीशी जुळवून न घेता येण्याचा त्रास किती जणांना असतो, याचे १४ देशांतले अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये उत्तर काढले गेले: रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांच्या आसपास. ही साथीच्या आधीची स्थिती. साथीने तिच्यावर आणखी थर चढवले. मास्कमुळे डॉक्टरचा चेहरा गेला, सोबत एकच नातेवाईक किंवा तोही नाही, बोलणे सहा फुटांवरून आणि घाईत, वॉर्डात भेटायला येणाऱ्यांना मनाई. त्यात शेजारीपाजारी येणेही थांबले, आणि खेड्यात आजारी माणसाचे अर्धे मन त्या येण्याजाण्यावर तरलेले असते. इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. ‘मन खंबीर ठेवा, आजार पळून जाईल’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्याला आधार नाही. डोके आणि मान या भागाच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांचा अमेरिकेतला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाची मनःस्थिती चांगली असल्याने त्याचे आयुष्य वाढले असे त्यात दिसले नाही. बोलण्याने गाठ विरघळत नाही. उलट ‘तू खचलास म्हणून आजार वाढला’ असा दोष या वाक्याच्या आडून रुग्णाच्याच माथी येतो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाला असा दोष आधीच पुष्कळ मिळालेला असतो.

मग बोलण्याने होते काय? दोन गोष्टी होतात. पहिली, त्रास कमी होतो, आणि त्रास कमी होणे हे स्वतःच उपचाराचे एक फळ आहे. त्यासाठी आयुष्य वाढल्याचा दाखला देण्याची गरज नाही. दुसरी, योग्य वेळी योग्य खबर योग्य माणसाकडे पोचते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाने उलट्या, वेदना, धाप, थकवा अशा लक्षणांची नोंद संगणकावर करायची, आणि काही बिघडले की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची काळजी नेहमीप्रमाणे. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटाचा जगण्याचा मध्यक काळ ३१.२ महिने, दुसऱ्याचा २६ महिने. नवे औषध कुणालाच दिलेले नव्हते. त्रास वेळेवर कळला, म्हणून उपचार जास्त काळ चालू राहिले आणि तातडीच्या विभागात धावणे कमी झाले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा २०१० चा प्रयोगही याच दिशेचा आहे. निदानापासूनच ज्यांना वेदनाशमन पथकाची जोड मिळाली, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे १६ टक्क्यांत दिसली. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात ३८ टक्क्यांत. ही पथके औषधे तर देतातच, पण त्यांचा मोठा वेळ जातो तो पुढे काय होणार आणि तुम्हाला काय हवे आहे, हे बोलण्यात.

न्यूयॉर्क-बोस्टनचे दाखले धाराशिवला कसे लागू पडतील, ही शंका रास्त आहे. म्हणून याच मातीतला दाखला पाहू. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके होते. एकूण ३४६ गावे. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरावरून होते. खेड्यात दप्तरच नव्हते, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, सरपंच-शिक्षकांना भेटायचे, अंगावरून जाणे, न भरणारी जखम, गिळताना अडकणे अशा खुणा कुणाला आहेत का ते विचारायचे, आणि शंका वाटेल त्याला रुग्णालयापर्यंत आणायचे. हेतू मोजणीचा होता. पण मोजायला जाणारा माणूस चार गोष्टी समजावूनही सांगत होता. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत त्याचा परिणाम दिसला. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले, आणि त्यांचे जगण्याचे प्रमाणही सुधारले. त्या भागात तपासणीची मोठी मोहीम तेव्हा नव्हती. वाढले होते ते दारात येऊन बोलणे.

पुढचा टप्पा याहून मोठा. ऑक्टोबर १९९९ मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या पद्धती ताडून पाहणारी एक चाचणी सुरू केली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, आणि चार गट: एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप स्मिअर (पेशींची तपासणी), ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे, आणि नेहमीची सेवा. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. जगभरच्या तपासणी धोरणावर या निकालाचा परिणाम झाला; २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. या लेखाच्या दृष्टीने मात्र दुसरा आकडा जास्त बोलका आहे. तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के प्रत्यक्ष आल्या. देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही (२०१९-२१) २ टक्क्यांच्या आसपासच होते. अंगावरचे काढायला न धजणाऱ्या, नवऱ्याला आणि सासूला विचारल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया आल्या, कारण प्रशिक्षित आरोग्य सेविका घरी गेल्या, एकेकीशी बोलल्या, घरच्यांशी बोलल्या आणि तपासणी गावातच ठेवली. ते बोलणे प्रयोगाच्या आराखड्यात लिहिलेले होते, त्याला माणसे नेमलेली होती आणि त्याची नोंद होत होती.

या चाचणीवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. पॅप स्मिअरचा उपयोग जगाला आधीच ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवायचे आणि त्यांच्यातले मृत्यू मोजायचे, हे नैतिक आहे का? ग्रामीण भारतात एरवीही तपासणी होत नव्हती, आणि गरीब भागात काय चालते हे ठरवायला अशीच तुलना लागते, असे संशोधकांच्या बाजूने म्हटले गेले. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण त्यातून माझ्या मुद्द्याला एक आवश्यक कड मिळते. बोलणे प्रभावी असते म्हणूनच ते प्रामाणिक असावे लागते. ज्या ताकदीने सेविका एखादीला तपासणीला आणू शकते, त्याच ताकदीने तिला अर्धवट माहितीवर अंगठा द्यायलाही लावू शकते. संवाद म्हणजे मन वळवणे, असे मानले तर हा धोका कायम राहील. तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत आणि कोणते नाहीत, हे सांगणे हाच त्याचा गाभा ठेवायला हवा. दुसरी शंका अशी की तपासणीला बोलावणे वेगळे आणि कॅन्सर झालेल्याशी बोलणे वेगळे. खरेच वेगळे आहे, अवघडही आहे. पण अडथळे तेच आहेत: भीती, घरच्यांची परवानगी, प्रवासाचा खर्च, आणि वैद्यकीय भाषेचे न उमगणे. जे पहिल्यासाठी जमले ते दुसऱ्यासाठीही योजून करून पाहायला हवे.

साथीच्या काळात दारोदार जाणारी यंत्रणाच नव्हती, असेही म्हणता येत नाही. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले, ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, घरात आधीपासूनचे आजार कुणाला आहेत ते विचारले. म्हणजे कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत सरकारी माणूस पोचला होता. पण त्याच्या हातातल्या कागदावर पुढचे प्रश्न नव्हते: तुमचा उपचार चालू आहे का, कुठे अडला आहे, झोप लागते का, दुखते किती, डॉक्टरांशी शेवटचे बोलणे कधी झाले? विचारणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांना जे काम दिले होते ते त्यांनी जीव धोक्यात घालून केले. २५ मार्च २०२० लाच केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढून डॉक्टरांना फोनवर आणि व्हिडिओवर सल्ला द्यायची मुभा दिली होती. एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेची ओपीडी सुरू झाली. पाय होते, फोन होता, कायद्याची मुभा होती. या तिन्ही गोष्टी जोडून ‘अमुक रुग्णाची खबर अमुक माणसाने घ्यायची’ असे म्हणणारा आदेश तेवढा नव्हता.

डॉक्टर मंडळींचा पहिला आक्षेप वेळेचा असतो, आणि ज्याने सरकारी रुग्णालयाची सोमवारची ओपीडी पाहिली आहे तो त्याला हसणार नाही. पण वेळेबद्दलची आपली भीती मोजून पाहिलेली नसते. स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे डॉक्टरांना सांगण्यात आले की रुग्णाला मध्ये न तोडता बोलू द्या, आणि घड्याळ लावले. ३३५ रुग्णांचे सरासरी बोलणे ९२ सेकंदांत संपले; ७८ टक्के दोन मिनिटांच्या आत थांबले. अमेरिकेतल्या १९९९ च्या एका प्रयोगात स्त्रियांना डॉक्टर-रुग्ण संभाषणाची ध्वनिचित्रफीत दाखवली गेली. काहींना दाखवलेल्या फितीत डॉक्टरची आपुलकीची सुमारे ४० सेकंदांची वाक्ये जास्त होती: आपण हे मिळून करू, मी तुमच्यासोबत आहे, अशा अर्थाची. ती पाहणाऱ्यांची चिंता कमी भरली. माहिती मात्र त्यामुळे जास्त लक्षात राहिली नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. म्हणजे धीर देणे आणि माहिती देणे ही दोन कामे आहेत. पहिल्याला सेकंद लागतात आणि ते डॉक्टरलाच करावे लागते. दुसरे पुन्हा पुन्हा करावे लागते, कारण डॉक्टरने सांगितलेल्यातले ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो असे अभ्यास सांगतात. पण ते डॉक्टरनेच करावे असे नाही. समुपदेशक, नर्स, आशाताई यांना ते शिकवता येते. डॉक्टरला वेळ नाही, हे म्हणूनच काम वाटून देण्याचे कारण आहे. काम सोडून देण्याचे नाही.

दुसरा आक्षेप घरातून येतो. ‘पेशंटला काही सांगू नका, ऐकून खचेल.’ यात प्रेम असते आणि त्याची टिंगल करणे अन्यायाचे आहे. पण ही आपली खास संस्कृती आहे, ती बदलणार नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत ९० टक्के डॉक्टर कॅन्सरचे निदान रुग्णाला न सांगण्याच्या मताचे होते. १९७० च्या दशकाच्या शेवटी तशाच पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. वीस वर्षांत संस्कृती उलटली, कारण उपचार सुधारले आणि रुग्णाचा त्यातला सहभाग गरजेचा झाला. शिवाय लपवण्यासाठी पहाऱ्यावर सतत कुणीतरी लागते: केसपेपर सांभाळणारे, डॉक्टरला आधी गाठणारे, वॉर्डात विषय बदलणारे. साथीने नातेवाइकाला वॉर्डाबाहेर काढले आणि हा पहारा उठला. आपल्याला काय झाले आहे हे धड न कळलेला माणूस अनोळखी चेहऱ्यांमध्ये एकटा पडला. याचा अर्थ प्रत्येकाला सगळे तोंडावर सांगून मोकळे व्हावे, असा नाही. टेक्सासच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत सांगण्याच्या आधी दोन प्रश्न येतात: तुम्हाला आजाराबद्दल काय ठाऊक आहे, आणि किती जाणून घ्यायला आवडेल? एखाद्या आजी म्हणतील, ‘माझ्या लेकाला सांगा, मला नको.’ तो त्यांचा निर्णय, आणि तो पाळावा. आजचा प्रश्न हा आहे की त्यांना विचारलेच जात नाही. भारतीय वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ च्या तुकडीपासून संवादाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे, तेव्हा नव्या डॉक्टरांना हे प्रश्न अपरिचित राहू नयेत.

तिसरा आक्षेप फोनवरच आहे. फोनवर गाठ चाचपता येत नाही, आवाजामागचा चेहरा दिसत नाही, आणि खेड्यातला फोन बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. बाईचा आजार बाप्यामार्फत सांगितला जातो, आणि अंगावरून जाण्यासारख्या तक्रारी वाटेतच गळतात. हे सगळे खरे आहे. म्हणून फोन हा भेटीला पर्याय नाही; दोन भेटींच्या मधली मोकळी जागा भरण्यासाठी तो आहे. फोन करणारी व्यक्ती बाई असणे, ‘मावशींनाच द्या’ असे आग्रहाने म्हणणे, आणि ज्या घरात ते जमत नाही तिथे आशाताईने आपल्या फोनवरून बोलणे करून देणे, हे उपाय साधे आहेत आणि ठरवून दिले तर होण्यासारखे आहेत. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या प्रयोगातली एक बाब इथे फार उपयोगाची आहे: ज्यांना संगणकाची सवय नव्हती, त्यांना या पद्धतीचा फायदा उलट जास्त झाला. ज्यांचा आवाज एरवी पोचत नाही, त्यांच्यापर्यंत आपण होऊन पोचल्याने सर्वांत मोठा फरक पडतो.

शेवटचा आक्षेप प्राधान्याचा. आधी जिल्ह्यात कॅन्सरचे रुग्णालय आणा, मग संवादाचे बोला. रुग्णालये हवीतच. पण इथे जिल्ह्याचे स्वतःचे आकडे पाहावेत. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद-बीड नोंदणीतले वयानुरूप प्रमाण देशातल्या सगळ्या नोंदणींत सर्वांत कमी होते: एक लाख पुरुषांमागे ३९.५, एक लाख स्त्रियांमागे ४९.४. ऐजॉलच्या पुरुषांत ते २६९.४ होते. याचा एक परिणाम असा की शेकाची यंत्रे आणि सगळे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात येणे कठीणच. काही उपचारांसाठी लांब जावे लागेल, आणि अंतर हे इथल्या कॅन्सर रुग्णाच्या आयुष्यातले कायमचे वास्तव राहील. दुसरा परिणाम आशेचा आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३०,००० लोकसंख्या असते. या प्रमाणाने ढोबळ हिशेब केला तर त्या केंद्राच्या हद्दीत वर्षाला पंधराएक नवे रुग्ण निघतील. उपचार संपलेले, फेरतपासणीवरचे आणि फक्त वेदनाशमनावर असलेले धरले तरी यादी शंभराच्या आत राहावी. इतक्या माणसांना नावानिशी ओळखणे एका प्रशिक्षित सेविकेला शक्य आहे. मुंबईत हे होऊ शकणार नाही. धाराशिवात होऊ शकते.

त्या कामाचे स्वरूपही अवाढव्य नाही. बार्शी, सोलापूर, लातूर किंवा टाटाने निदान केलेल्या प्रत्येक रुग्णाची, त्याच्या संमतीने, त्याच्या आरोग्य केंद्राला खबर जावी. केंद्रातल्या एका व्यक्तीचे नाव आणि नंबर रुग्णाच्या फाइलवर लिहिलेला असावा. उपचार चालू असताना आठवड्यातून एकदा ठरल्या दिवशी फोन जावा आणि पाच गोष्टी विचाराव्यात: ताप, वेदना, खाणेपिणे, झोप, आणि पुढच्या तारखेला जाण्यात काय अडचण आहे. वजन लिहितात तसा मनाचा त्रासही शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर लिहावा, आणि तो चढलेला दिसला तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवावे. डॉक्टरने काय ठरवले ते साध्या मराठीत अर्ध्या पानावर लिहून द्यावे, आणि रुग्णाकडून ते त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यावे. हे सगळे करणाऱ्याला प्रशिक्षण आणि मोबदला मिळायला हवा; आशाताईंच्या आधीच वाकलेल्या खांद्यांवर फुकटचे आणखी एक ओझे टाकून ही व्यवस्था उभी राहणार नाही. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. पण ज्या बाईकडे तिसऱ्या केमोला जायला भाडे नाही, जिचा नवरा सुगीत गुंतला आहे, जिला पांढरे जाणे पुन्हा सुरू झाले आणि सांगायला लाज वाटते, तिच्यासाठी रस्ता कुठल्याही महिन्यात बंद असतो. जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात औषधे, यंत्रे आणि खाटा यांच्या मागणीबरोबर फोन करणाऱ्या माणसाचे पद लिहिले गेले आणि त्याच्या कामाचा दर महिन्याला हिशेब घेतला गेला, तर बोलणे उपचारात धरले गेले असे म्हणता येईल. तोवर ते ज्याच्या त्याच्या नशिबावर राहील.